कूलरमधलं शेवाळ

पाऊस लागला की कूलरची टाकी घासून ठेवायचं काम माझ्याकडे, आणि ते मी होता होईल तो लांबवतो. परवा दुपारी घासणी हातात घेऊन तळाच्या हिरव्या बुळबुळीत थराकडे बघत बसलो होतो, तर आई ओसरीवरून म्हणाली, "घासून राह्यला का पूजा करून राह्यला?"

पूजाच करावी असा तो प्रकार आहे. ऑस्ट्रेलियात पिलबारा भागातल्या ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या अशाच थरांच्या खुणा सापडतात. त्यांच्यातल्या काहींनी ऑक्सिजन सोडला खरा, पण तो हवेत साठायला लागला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. त्याआधी कुणी लांबून दुर्बीण लावून आपल्या हवेत ऑक्सिजन शोधला असता, तर 'इथे कोणी राहत नाही' असं लिहून मोकळा झाला असता. अन् इथे शंभर कोटी वर्षं संसार चाललेला! म्हणून आता परक्या ग्रहांच्या हवेत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र नांदतात का, तेही बघायचं ठरतंय.

लहानपणी आजीबरोबर लोणारला गेलो होतो. कमळजा देवीला हळद वाहून आजीनं तळ्यात बोटं बुडवली, तर लाल! "पाह्य रे बाप्पा, देवीनं कुंकू केलं." अल्कलीत हळद लाल होते हे पुढे शाळेत शिकलो, पण मला अजून आजीचंच पटतं. त्या उग्र वासाच्या पाण्यात काही जगत नाही, असं बरोबरचे लोक सांगत होते. जून २०२० मध्ये अख्खं तळं गुलाबी झालं, आणि पुण्याच्या आघारकर संस्थेनं सांगितलं, की ही करणी खारात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांची. आजीला मुळीच नवल वाटलं नसतं.

लोणारचं विवर अशनीनं काळ्या बेसॉल्टात पाडलेलं, मंगळावरही बेसॉल्टच, म्हणून मंगळाचे अभ्यासक इथली माती तपासतात. तिकडे नासाची पर्सिव्हरन्स गाडी २०२१ मध्ये जेझेरो विवरातल्या आटलेल्या तळ्यात उतरली. २०२४ मध्ये एका दगडावर तिला ठिपके दिसले. सूक्ष्मजीवांनी केले असतील, नसतीलही. हिरव्या माणसांची आशा मी केव्हाच सोडली, ठिपके चालतील.

मंगळावरच्याच गेल विवरातलं जुनं तळं तर पिण्याजोग्या गोड्या पाण्याचं होतं, हे नासाच्याच क्युरिऑसिटी गाडीनं २०१३ मध्येच दाखवलं. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही.