५३ ची ३१००: म्हातारी सरळ, डोनर वाकडा

मंडळी, १९५३ च्या शेवरोले ३१०० पिकअपची कॅब आणि बेड (मागचा सामानाचा हौदा) १९९८ च्या शेवरोले एस-टेन पिकअपच्या चॅसीवर बसवायचं माझं काम चालू आहे; म्हातारी ती, आणि चॅसी देणारा डोनर हा. गेले पाच आठवडे मी गप्प होतो. काम थांबलं नव्हतं, पण जे चाललं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. घाण्याच्या बैलासारखा एकाच जागी फिरत होतो. काल रात्री साडेअकराला गॅरेजच्या फरशीवर पालथा पडलेला असताना कोडं सुटलं, आणि सुटल्याचा आनंद जेमतेम पाच मिनिटं टिकला.

मागच्या वेळी मी मोठ्या रुबाबात लिहिलं होतं की मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) पुढे सरकवून झाले, व्हीलबेसचा (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराचा) विषय संपला. लाँग बेडवाल्या साध्या कॅबच्या एस-टेनचा व्हीलबेस ११७.९ इंच, आपल्या ३१०० चा ११६. फरक १.९ इंच. फीत अमेरिकन असली तरी माझ्या डोक्यात मामाच्या वर्कशॉपातले इंच-सूतच चालतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), त्यामुळे माझ्यासाठी तो एक इंच सात सूत, वर केसभर. फ्रेम मधून कापून जोडायची नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. म्हणून रिव्हेट उडवले, पाट्यांची पुढची टोकं धरणारे हँगर आणि मागची टोकं धरणाऱ्या शॅकलचे (झुलत्या कडीचे) ब्रॅकेट दोन्ही बाजूंना एक इंच सात सूत पुढे घेतले, नवीन भोकं पाडली, ग्रेड ८ चे मजबूत बोल्ट आवळले. प्रोपेलर शाफ्ट तेवढाच आखूड करून, बॅलन्स करून आणला. सगळं कसं पुस्तकात लिहिल्यासारखं.

मग बेड चढवला, मागचे फेंडर लावले आणि दहा पावलं मागे जाऊन बघितलं. उजवं चाक कमानीच्या अगदी मधोमध. डावं पुढे सरकलेलं. मोजलं तर साडेतीन सूत. ऐकायला काहीच नाही, पण या फेंडरची कमान इतकी गोल आहे की चाक जरा हललं तरी टिकली बाजूला लावल्यासारखं दिसतं. आमच्या हिलाही गॅरेजच्या दारातून कळलं, आणि तिला यातलं काही कळत नाही असा तिचाच दावा आहे.

पहिला संशय अर्थातच पत्र्यावर. सत्तर वर्षांचा पत्रा, नेब्रास्कातल्या शेतावर निम्मं आयुष्य उघड्यावर गेलेलं, त्यात डावा फेंडर मूळचा नव्हेच, दुसऱ्या ट्रकचा. गुन्हेगार समोरच उभा! उजव्या फेंडरची कमान पुठ्ठ्यावर गिरवली, पुठ्ठा उलटा केला आणि डाव्यावर धरला. अर्ध्या सुताच्या आत जुळला. विश्वास बसेना, म्हणून बोल्टच्या भोकांसकट पुन्हा गिरवला. तरी तेच. मग बेडचे कर्ण मोजले. सारखे. मग वाटलं बेडच थोडा फिरवून बसवावा. फिरवला, तर कॅब आणि बेडमधली फट एका बाजूला बोटभर आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटं. ती फट बघून जेवण गेलं नाही.

दुसरा संशय पाट्यांवर. इथे जरा थांबतो, कारण नवीन लोक यात फसतात. पाट्याचा पुढचा डोळा जागेवर पक्का असतो, मागचा शॅकलवर झुलतो. म्हणजे वजन पडून पाटा सपाट झाला की ॲक्सल मागे सरकतो. रिकाम्या गाडीवर मोजाल तर चाक थोडं पुढेच दिसणार. मला वाटलं डावा पाटा जास्त कडक असेल, कमी दबत असेल. आमच्या मिशिगनात हिवाळ्यात मागच्या चाकांवर वजन म्हणून टाकायला वाळूच्या पिशव्या मिळतात, ६० पाउंडांची एक. आठ पिशव्या बेडमध्ये टाकल्या. दोन्ही चाकं मागे गेली, अगदी सारखी. साडेतीन सूत जिथल्या तिथे. मग यू-बोल्ट सैल करून सेंटर बोल्टची डोकी ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसली आहेत का ते बघितलं. दोन्ही ठणठणीत.

तिसरा संशय स्वतःवर. हँगरची नवी भोकं पुन्हा मोजली. डावीकडे जुन्या भोकापासून एक इंच सात सूत. उजवीकडे जुन्या भोकापासून एक इंच सात सूत. मी स्वतःची पाठ थोपटली, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. दोन्ही मापं जुन्या भोकापासून घेतली होती. जुनी भोकंच समोरासमोर आहेत का, हा प्रश्न मला पाच आठवड्यांत एकदाही पडला नाही. का पडावा? ती १९९८ ची कारखान्यातली फ्रेम. १९५३ ची कॅब, बेड, फेंडर, सगळे खोटारडे. चॅसी तेवढी देवाची.

शेवटी ओळंबा काढला. पितळी, गवंडीकामाचा, साताऱ्याहून बॅगेत घालून आणलेला. विमानतळावर त्याच्यासाठी अख्खी बॅग उघडायला लावली होती. लेझर आहे माझ्याकडे, पण त्याची लाल रेघ फ्रेमच्या खालच्या पट्टीवर पसरते आणि नेमकी कड कुठे ते कळत नाही. ओळंब्याचं टोक खोटं बोलत नाही. बेड उतरवला, फ्रेम चार स्टँडवर पाणसळीत घेतली आणि दोन्ही बाजूंच्या जोडीच्या भोकांमधून ओळंबा सोडत गेलो: पुढच्या क्रॉसमेंबरपासून (फ्रेमच्या आडव्या तुळईपासून) मागच्या शॅकलपर्यंत प्रत्येक बाजूला सात ठिकाणी. खाली फरशीवर खडूनं फुली. मग गाडी विसरायची आणि नुसत्या फुल्या मोजायच्या. फितीचा हुक वापरू नका, तो मुद्दाम थोडा सैल असतो. एक इंच सोडून मोजा आणि शेवटी वजा करा. वजा करायला विसरूही नका (एकदा विसरलो).

पुढच्या चार फुल्यांचे कर्ण जुळले. दुसऱ्या चारही जुळल्या. गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरनंतरच्या चौकोनात कर्ण फिसकटले. डावी रेल (फ्रेमची लांब बाजू) उजवीपेक्षा अडीच सूत आखूड. तिथून मागे सगळं अडीच सुतानं पुढे. पाटे फ्रेमच्या रेलजवळ असतात आणि चाकं त्यांच्याही बाहेर, त्यामुळे पाट्यावरचे अडीच सूत चाकापर्यंत जाताना साडेतीन होतात. हिशोब वहीत मांडला तेव्हा असा चोख जुळला की मी मोठ्यानं हसलो. वरून विचारणा झाली, काय झालं म्हणून.

मग ग्राइंडरला तारेचा कप लावून त्या जागेचं काळं अंडरकोटिंग उडवलं. बाहेरच्या अंगाला काही नाही. आतल्या अंगाला, क्रॉसमेंबरच्या मागे वीतभर अंतरावर, पट्टीला एक सुरकुती. कणकेवर अंगठा दाबून पुढे ढकलल्यावर पडते तशी. वर कुणीतरी जाड हातानं काळं फासलेलं. म्हणजे कधीतरी डाव्या मागच्या कोपऱ्यावर कुणीतरी ठोकलं, रेल दबली, नवीन बंपर लावून गाडी पुढे विकली गेली. मी ती गिअरबॉक्स गेलेली म्हणून स्वस्तात उचलली, टो करून आणली, एक फूटभरही चालवून बघितली नाही. चालवली असती तर मागून येणाऱ्यानं सांगितलं असतं की गाडी तिरकी पळते. मागच्या टायरचं आतलं अंग झिजलेलं होतं, तेही मी टायर फेकून देताना बघितलं आणि विसरलो.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट वेगळीच. ऑगस्टमध्ये मी लिहिलं होतं की गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर परत लावताना डावे दोन बोल्ट बसेनात, म्हणून भोकं कानशीनं लांबट केली. तीनजणांनी लाइकचा अंगठाही दिला होता. ओळखा पाहू ती भोकं कशानं सरकली होती.

आता या डोकेदुखीतून जरा बाहेर येतो, कारण या पाच आठवड्यांत दोन गोष्टी मस्त झाल्या.

एक म्हणजे दाराच्या बिजागऱ्या. भरपूर गंज. महागडं गंज काढायचं पाणी घेण्यापेक्षा ढोरांच्या खाद्याच्या दुकानातून मळीचा डबा आणला, एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी, त्यात बिजागऱ्या बुडवून अडीच आठवडे विसरून गेलो. थंडीत हे काम रेंगाळतं, म्हणून बादली बॉयलरशेजारी ठेवली. तळघराला साखर कारखान्याबाहेरच्या रस्त्याचा वास आला आणि घरातून तीव्र निषेध नोंदवला गेला, पण बिजागऱ्या बाहेर आल्या त्या करड्या, मऊ, पिना बोटानं फिरतात. लोखंड आणि पोलाद एवढंच बुडवा. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचे ओतीव भाग टाकलेत तर बादलीत मळीच उरेल. डावं दार आता दोन बोटांनी लागतं. कुलुपाचा तो जड 'ठक्क' आवाज ऐकायला मी ते बाविसेक वेळा लावलं असेन.

दुसरी, फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधला पत्रा. पुढची चाकं कमानीत मधोमध आणायची म्हटलं की एस-टेनच्या ४.३ लिटर इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) थेट फायरवॉलच्या पोटात जातो, कारण तो इंजिनाच्या मागच्या टोकाला असतो. मी तिथे चौकोनी खिडकी कापून आत खोलगट पेटी जोडली आणि पेटीच्या केबिनकडच्या अंगाला बोल्टनं उघडणारं झाकण ठेवलं. आता कॅप काढायला चार बोटं आरामात जातात. या इंजिनाच्या प्लास्टिक डिस्ट्रिब्युटरचे स्क्रू कधी दगा देतील सांगता येत नाही, त्यामुळे तिथे हात पोचणं ही चैन नाही, गरज आहे. वेल्डिंग गॅसचं आवरण देणाऱ्या मिगवर केलं. फ्लक्सकोअरवाल्यांशी (गॅसऐवजी भुकटी भरलेली तार वापरणाऱ्यांशी) माझं भांडण नाही, पण विसाव्या गेजच्या आसपासच्या पत्र्यावर त्याची गाठोडी घासण्यात आयुष्य जातं.

जाता जाता: ३१०० चं मूळचं २१६ घनइंचांचं इंजिन विकलं. ९२ घोड्यांचं ते इंजिन मला आवडायचं, पण त्याच्या बॅबिट बेअरिंगवर (मऊ धातू ओतून केलेल्या) हायवेला भरवसा ठेवायची माझी छाती नाही. घेणारा ते मूळ रूपातल्या ट्रकमध्येच घालणार आहे, तेव्हा शुद्धतावाद्यांनी मला शिव्या देण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

परत फ्रेमकडे. आज सकाळी फ्रेम सरळ करणाऱ्या एका म्हाताऱ्याला फोटो पाठवले. त्याचं म्हणणं, ताणून येईल, साखळ्या लावून दोन्ही बाजू बांधून हळूहळू ओढायची, चारशे डॉलर. फक्त रेल ताणली जाताना तिच्यावर जे काही जोडलंय ते सोबत जाणार. म्हणजे डावा मागचा कॅब माउंट (कॅब फ्रेमवर टेकते ती बैठक) कापायचा, जो मी दोन महिन्यांपूर्वी जोडून, रंगवून, फोटो काढून तुम्हाला दाखवला होता. आणि बेडचे डावे तीन माउंटही.

त्यात एक बरं आहे. ते कॅब माउंट मी ऑनलाइन किटचे घेतले होते (नाव घेत नाही), भोकं दोन सूत चुकीची आणि रबराला जागाच नाही, म्हणून पट्टीवर पट्टी असे जोडले होते. एक कापायचाच आहे तर चारही कापतो आणि एस-टेनचे मूळ रबर बुश बसतील असे कप स्वतः करतो. सुरकुतीच्या जागी ताणल्यानंतर आतून जोडपट्टी टाकणार, दोन्ही टोकं तिरकी कापलेली. रेलला सरळ आडवा छेदणारा वेल्डिंगचा टाका मारायचा नाही, तिथूनच पुढे तडा जातो.

आणि हे लिहिता लिहिता सुचलं: फ्रेम ओढायला पाटे आणि ॲक्सल उतरणारच आहेत. एस-टेनचा टू-व्हील ड्राइव्हचा मागचा ॲक्सल ३१०० च्या फेंडरखाली अरुंद पडतो, चाकं आत लपतात, म्हणून मी स्पेसर (चाक बाहेर ढकलणाऱ्या चकत्या) घेऊन ठेवले होते. फोर-बाय-फोरचा ॲक्सल काही इंच रुंद आहे आणि नटांची जागा तीच, पाच बाय पावणेपाच (पावणेपाच इंची वर्तुळावर पाच नट). ३१०० ची मूळ सहा नटांची चाकं तशीही बसणार नाहीत, पण निदान स्पेसर सुटतील. पाट्यांच्या बैठका कापून नव्यानं जोडाव्या लागतील बहुतेक. त्या कोनाचं टेन्शन आहे, पिनियनचा (शाफ्ट ॲक्सलला जोडतो त्या टोकाचा) कोन चुकला की नवीन शाफ्ट थरथरणार. स्पेसर परत करता येतील का बघतो. पाकीट फोडलेलं नाही.

कुणी हा ॲक्सल बदललाय का? बैठकांचं अंतर एका रेलच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत किती निघालं ते कळवा, आणि कृपा करून जुन्या भोकापासून मोजू नका.

ट्रेलर शनिवारचा मिळालाय. तोवर कॅब उचलून लाकडी घोड्यांवर ठेवायची आहे, म्हणजे दुसरी गाडी अजून तीन आठवडे बाहेर बर्फात. ही बातमी घरात अजून दिलेली नाही.