वाघाच्या आधी गवत

कोल्हापूर, रविवार. पावसाची थोडी उघडीप.

मसाई पठारावरून काल उशिरा परतलो. बूट अजून ओलेच आहेत. उद्यापासून पुन्हा लेक्चर, म्हणून आत्ताच लिहून काढतो.

काम एवढंच, की एक मीटरचा चौकोन टाकायचा आणि त्यातली प्रत्येक वनस्पती ओळखून मोजायची. पहिल्या चौकोनालाच इतका वेळ गेला की मॅडमना हाका माराव्या लागल्या! जांभ्या खडकावर माती जेमतेम बोटभर, आणि तिच्यात नायट्रोजन फारच कमी. म्हणून दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरते. सीतेची आसवं या दुसऱ्या वनस्पतीचे सापळे तर दिसतही नाहीत, ओल्या मातीत दडलेल्या बारीक पिशव्याच त्या. पावसाळा सरेपर्यंत फुलून, बी टाकून यांना मोकळं व्हायचं असतं. अशा जागेला लोक पडीक माळ म्हणतात आणि खुशाल गाड्या घालतात, याचा मला फार राग येतो.

रात्री आबांचा फोन आला.

"गवं उतरलं हुतं. भाताचा खालचा तुकडा पार तुडवलाय."

"पंचनामा झाला का, आबा?"

"हुईल. पर तू तिकडं गवत मोजतुयास न्हवं? मग सांग की, गवं रान सोडून हिकडं का येत्यात?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

आमचं गाव राधानगरी अभयारण्याच्या कडेला. कोल्हापूर संस्थानाचं हे राखीव शिकारीचं रान १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. आज ते सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातही आहे. वर्गात मात्र त्याचं नाव निघतं ते बहुतेकदा वाघामुळे. गोवा-कर्नाटकातली जंगलं आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांना जोडणारा पट्टा इथूनच जातो. मलाही वाघ हवाच आहे. पण वाघ इथं टिकायचा तर त्याला गवा लागणार, आणि गव्याला चारा. त्या चाऱ्याबद्दल आम्ही फार कमी बोलतो.

रानमोडी हे तण आमच्याकडे लहानपणापासून बघतोय. मोकळी जागा मिळाली की दाट माजते, खाली ऊन पोचू देत नाही, मग गवत उरत नाही. गुरं तिला तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात पाणवठे आटतात ते वेगळंच. आणि रानाला लागून आमचा ऊस उभा, म्हणजे गव्याला लपायला आडोसा आणि खायला हिरवं एकाच जागी. ही कारणं पुस्तकातही आहेत. पण आमच्या पट्ट्यात कुठलं किती भारी पडतं, हे तिथं मोजल्याशिवाय आबांना कसं सांगू?

म्हणून कॉलेजातल्या माझ्या प्रकल्पाचा विषय बदलायचा विचार आहे. रानमोडी माजलेले आणि न माजलेले तुकडे निवडायचे, तोच चौकोन टाकून गवत मोजायचं, शेण आणि खुरांच्या खुणा नोंदवायच्या, सोबत शेतांतल्या नुकसानीच्या तारखा. अभयारण्यात जायला वनखात्याची परवानगी लागेल, तिचा अर्ज उद्याच मॅडमना दाखवतो. आबांना सांगितलंय, यापुढं गवं उतरलं की तारीख आणि कुठल्या बांधावरून आलं तेवढं वहीत लिहून ठेवा. "लिवतो की," म्हणाले.