जी तगली, त्यांच्या आईचं बी
आज हवाईतल्या ओआहू बेटावरच्या एका रोपवाटिकेत कोआ नावाच्या झाडाचं रोप हातात घेतलं आणि वाटलं, अरे, ही तर आपली बाभूळ! तशीच बारीक पानं. शेंड्याकडे मात्र कोयत्यासारखी लांबट पानं, म्हणजे खरं तर चपटे झालेले देठ. एकाच रोपावर दोन्ही.

शेजारच्या ट्रेमध्ये कितीतरी रोपं वाळून गेली होती. पाणी कमी पडलं का, मी विचारलं.

"नाही गं, रोग आम्हीच दिला," तिथल्या आंटी म्हणाल्या. (इथे वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात.) "जी तगतील, त्यांच्या आईचं बी घ्यायचं."

रोग फ्युजेरियमचा. ही बुरशी मुळातून शिरते, पाणी वर जाऊ देत नाही, उभं झाड वाळतं. तूर-हरभऱ्यावरचा आपला मर रोग याच बुरशीच्या गोतातला. कोआ फक्त हवाईचा; त्याच्या अख्ख्या बुंध्यातून इथल्या लोकांनी होड्या कोरल्या.

त्या मेलेल्या रोपांवरून नजर हटेना. तुरीचं रान वाळलं की बाबा हिरव्या राहिलेल्या झाडाला चिंधी बांधायचे, बियाण्यासाठी. तुमच्या शिवारात अशी चिंधी अजून कुणी बांधतं का?