गच्चीवरचं नॉस्टॉक: उन्हातला ट्रे आणि सावलीतला ट्रे

नॉस्टॉक या शैवालात उन्हापासून वाचवणारी नैसर्गिक सनस्क्रीन द्रव्यं असतात. ती जास्त कशी मिळतील हे मी गच्चीवर ट्रेमध्ये वाढवून बघते आहे. आधी निकाल सांगते. उन्हात ठेवलेल्या ट्रेमधलं नॉस्टॉक तपकिरी-काळं झालं, सावलीतलं हिरवंगार राहिलं. कल्चर (वाढवायला घेतलेलं मूळ शैवाल) एकच, पाणी एकच, खत एकच. सावलीतल्याची वाढ दुपटीहून जास्त दिसते, पण आपल्याला हवं ते द्रव्य उन्हातल्यातच आहे. शैवालाला लाडात वाढवलं तर ते सनस्क्रीन बनवत नाही, कारण त्याला गरजच पडत नाही.

कल्चर अंबाजोगाईजवळच्या, बालाघाटच्या माळावरचं. मृगाचा पाऊस झाला की मुरमाड जमिनीवर जेलीसारख्या काळपट हिरव्या पापड्या फुगून येतात आणि उघडीप पडली की वाळून मातीला चिकटतात, ते हे. शास्त्राच्या भाषेत हा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर अन्न बनवणारा जिवाणू, पण सूक्ष्मशैवालवाले त्याला आपल्यातच धरतात. वैशाखात दगडाला हात लावता येत नाही अशा जागी तो उघड्यावर टिकतो, म्हणूनच मी त्याच्यामागे लागले.

त्याच्याकडे संरक्षणाची दोन द्रव्यं आहेत. एक सायटोनेमिन: पेशीबाहेरच्या आवरणात साठणारं तपकिरी रंगद्रव्य, उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपैकी यूव्ही-ए किरण अडवणारं. दुसरी मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लं, म्हणजे आपली ‘एमएए’. ती रंगहीन, पाण्यात विरघळणारी. नॉस्टॉक कम्यून या जातीतल्या एमएएला साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात आणि ती ३१२ व ३३५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे किरण शोषतात, म्हणजे यूव्ही-बी आणि यूव्ही-ए दोन्हीकडे.

आता ट्रेवरच्या झाकणाचा प्रश्न, कारण यंदा सगळा वेळ यातच गेला. साध्या काचेतून यूव्ही-ए बरंचसं जातं, यूव्ही-बी जवळजवळ जात नाही. त्यामुळे काचेच्या बरणीत सायटोनेमिन मिळेल, पण एमएएसाठी लागणारा यूव्ही-बीचा धक्का बसत नाही. शेडनेट-पॉलीहाऊसवाल्यांकडचा कागद तर मुद्दाम यूव्ही रोखणारी द्रव्यं घालून बनवलेला असतो. तो मजबूत असला तरी या कामाला नको. मी साधा, पातळ, पारदर्शक पॉलिथिनचा कागद ताणून बसवला आहे. तो उन्हात लवकर कडक होऊन फाटतो, सारखा बदलावा लागतो, पण किरण आत सोडतो. धूळ बसली की रोज पुसायचा. आमच्याकडे फाल्गुनापासून धुळीचा थरच पडतो.

पाणी पावसाचंच. पत्र्याच्या पन्हाळीचं धरून ठेवलेलं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की खतातला फॉस्फेट घातला की कॅल्शियमबरोबर पांढरा साका होऊन तळाला बसतो आणि शैवालाच्या वाट्याला काही उरत नाही. खत बीजी-११ च, म्हणजे सायनोबॅक्टेरिया वाढवायचं ठरलेलं क्षारांचं मिश्रण, पण त्यातलं लिटरला १.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट पूर्ण वगळलं. नॉस्टॉक हवेतला नत्र स्वतः बांधतं. नायट्रेट नसलं की दुसरी हिरवी शैवालं फार घुसत नाहीत, हा मोठा फायदा.

मोजणीसाठी ओळखीच्या एका कॉलेजातला स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) मिळाला. वाळवलेल्या पापड्या कुटून शुद्ध ॲसिटोनमध्ये अंधारात रात्रभर ठेवल्या. सायटोनेमिनसाठी ३८४ नॅनोमीटर बघायचं, सोबत ६६३ वर क्लोरोफिल मोजायचं आणि दोन्हींचं गुणोत्तर धरायचं, कारण क्लोरोफिलही ३८४ च्या आसपास थोडं शोषतं. उन्हातल्या अर्कात ३८४ चा उंचवटा स्वच्छ दिसला, सावलीतल्यात नावालाच. प्लास्टिकचा क्युव्हेट (यंत्रात द्रावण ठेवायची छोटी नळी) ॲसिटोनमध्ये खराब होतो, काचेचाच घ्या. एमएएसाठी मात्र काचही चालत नाही, क्वार्ट्झ लागतो. तो मिळाल्यावर पाण्यातला अर्क तपासणार आहे.

याचं सनस्क्रीन क्रीम करता येईल का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. पोर्फायरा या लाल समुद्रशैवालाचा एमएए असलेला अर्क कॉस्मेटिकमध्ये आधीपासून वापरला जातो, त्यामुळे वाट नवीन नाही. एमएए लोशनच्या पाण्याच्या भागात जाईल, सायटोनेमिन पाण्यात विरघळत नाही आणि क्रीमला तपकिरी करतं. पण घरचा अर्क अंगाला लावून उन्हात जाऊ नका, हे मी कळकळीने सांगते. एसपीएफ (क्रीम उन्हापासून किती वाचवतं त्याचा आकडा) चाचणीत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून मोजतात, घरी त्याचा अंदाज येत नाही. शिवाय काही सायनोबॅक्टेरिया, नॉस्टॉकच्या काही जातीसुद्धा, मायक्रोसिस्टिनसारखी विषं बनवतात. माळावरून आणलेल्या कल्चरची ती तपासणी झाल्याशिवाय माझा अर्क बाटलीतच राहील.

पुढच्या खेपेला दोन टप्पे करणार आहे: आधी सावलीत भरपूर वाढ, मग पातळ थर पसरून कडक ऊन. एका ट्रेला थोडं मीठही देऊन बघेन, काही सायनोबॅक्टेरियांत मिठाच्या ताणाने एमएए वाढतं. परभणी-जालन्याकडे कुणाला काळ्या मातीवरचं नॉस्टॉक सापडलं तर सावलीत वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवा. कोरडं असेल तर वर्षानुवर्षं जिवंत राहतं. मुरमावरच्याशी त्याची तुलना करायची आहे.