वात आणि वाट

मागच्या श्रावणातली गोष्ट. माझ्या तेरा वर्षांच्या लेकीने मेलबर्नहून आजीला व्हॉट्सॲपवर लिहिलं, "आजी, आज देवाची वात मी लावली." लिहिलं मराठीतच, पण रोमन अक्षरांत, आणि त्या अक्षरांत वात आणि वाट सारखेच दिसतात. बडोद्याला दांडियाबाजारच्या घरी आईने वाचलं, "देवाची वाट मी लावली." लगेच फोन. "समई पडली का गं? कुणाला भाजलं नाही ना?"

खुलासा झाला, सगळे हसले. आई मात्र अस्वस्थ राहिली. तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेली बाई ती. ट आणि त, ण आणि न, ळ आणि ल एकाच खुंटीला टांगायचे आणि पुढच्याने ओळखून घ्यायचं, हे तिला पटेना. मला म्हणाली, "तिने अंदाजाने लिहायचं, मी अंदाजाने वाचायचं, मग आम्ही एकमेकींशी बोलतो कुठे?"

दुसऱ्या दिवसापासून आई जेवणं आटोपल्यावर रोज एक ओळ देवनागरीत पाठवते. तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ असते. लेक ती ओळ वहीत हाताने उतरवते, खाली उत्तर म्हणून स्वतःची एक ओळ लिहिते आणि पानाचा फोटो धाडते. आई फोनवरच बोटाने चुकांभोवती लाल गोल काढून फोटो परत करते. मी होस्टेलवर होते तेव्हा माझी पत्रंही अशीच लाल शाईत परत यायची. तेव्हा राग यायचा. आता लेकीच्या वहीतले ते गोल पाहून गळा दाटून येतो.

१० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब यांवर खातं ठेवता येत नाही. व्हॉट्सॲप त्या यादीत नाही. लेकीच्या मैत्रिणींमध्ये रडारड झाली, आमच्याकडेही दोन दिवस अबोला होता. कायदा मला योग्यच वाटतो. पण त्यातून आमच्या घरात जे उरलं ते पाहण्यासारखं आहे. तिच्या फोनमध्ये आता कुणासाठीही मांडून ठेवलेलं काही नाही. जे लिहिते ते एका माणसासाठी, आणि तो माणूस शब्दन् शब्द वाचणार हे तिला ठाऊक असतं. चार महिन्यांत तिचं अक्षर सुधारलं ते त्यामुळे, असं मला वाटतं.

आईचं लिहिणंही बदललंय, आणि त्याचं मला जास्त नवल आहे. डोळ्यांना त्रास होतो म्हणून मोठे निरोप ती बोलून टाइप करते. ती बोलते तसं फोन लिहितो. "शाक घ्यायला गेलेली, खंडेराव मार्केटात फार गर्दी. रविवारी बोलायला फावेल का तुला?" हे आमचं बडोद्याचं मराठी. गुजराती 'फावशे' आमच्या घरांत 'फावेल' होऊन पिढ्यान् पिढ्या नांदतंय. पण कागदावर ते कधी उतरत नव्हतं. पत्र लिहायला बसलं की आई पुण्याची व्हायची. २०१८ मध्ये ९१वं साहित्य संमेलन बडोद्यात झालं, तेव्हाही मांडवातून घरी येऊन आम्ही बोललो ते याच भाषेत, पण लिहिण्यात तिला जागा आहे असं कुणाच्या मनात आलं नाही. सुरुवातीला आई ते शब्द पुसून 'भाजी', 'जमेल' असं करायची. आता राहू देते. माझी तिला विनंती आहे की यातला एकही निरोप पुसू नकोस.

जानेवारीत उत्तरायणाला घरी गेलो होतो. पतंगाच्या दिवशी गच्चीवर मामेभावाचा फोन सारखा वाजत होता. मकरपुऱ्याला एका कारखान्यात तो प्रॉडक्शन बघतो. कामाचा ग्रुप, माणसं सत्तर. गुजराती, हिंदी, मराठी, इंग्रजी, सगळं त्यातच. गेल्या वर्षी ड्रॉइंगमधला बदल साहेबांनी रात्री साडेदहाला व्हॉइस नोटने सांगितला. त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या साठ शुभेच्छा चढल्या, आणि सकाळच्या पाळीने जुन्याच मापाने चाळीस नग काढले. बोलणी खाल्ली मामेभावाने, कारण त्याची निळी टिक दिसत होती. निळी टिक म्हणजे ग्रुप उघडला, एवढंच. समजलं, पटलं, कामाला लावलं, यातलं काहीच तिच्यात नाही.

याच शहरात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ मध्ये, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश निघाला. कारभार अनेक भाषांच्या माणसांत चालायचा तर शब्दाचा अर्थ आधी ठरवून घ्यावा लागतो, ही जाण तेव्हा होती. मामेभावाच्या ग्रुपमध्येही भाषा अनेकच आहेत, पण ठरवून घेतलेलं काही नाही.

मेलबर्नला माझ्या ऑफिसात गप्पा तितक्याच होतात. फक्त गप्पांत कबूल झालेला बदल ड्रॉइंगवर नव्या रिव्हिजन नंबराने चढेपर्यंत झालाच नाही असं धरतात. शिवाय २६ ऑगस्ट २०२४ पासून इथे कायदाच आहे. कामाची वेळ संपल्यावर आलेला निरोप न वाचण्याचा, उत्तर न देण्याचा हक्क नोकरदाराला आहे, मात्र नकार अवाजवी नसावा. हे सांगितलं तेव्हा मामेभाऊ बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, मला रात्री निरोप आला तरी चालेल. पण तो लिहिलेला असू दे." फिरकी खाली ठेवून त्याने तिथल्या तिथे साहेबांना तसं लिहून पाठवलं. ग्रुपवर टाकलं नाही, त्यांना एकट्यांनाच. गेल्या आठवड्यात त्याचा निरोप आला की मापातले बदल आता मेलवर येतात. व्हॉइस नोटही येते, मेल पाठवल्याचं सांगायला.

आजची आईची ओळ येऊन पडलीय. "पतंगाचा दोरा अजून जांभळीला अडकलाय, काढायला फावलं नाही." लेकीने वहीत 'जांभळी' लिहिताना ळ चांगला गिरवलाय, पण दोऱ्याचा द जरा ढासारखा झालाय. फोटो गेलाय. आईची वामकुक्षी झाली की लाल गोल येईल.