धुऱ्याच्या अलीकडे, धुऱ्याच्या पलीकडे

आपल्या वावरात काय पेरायचं ते सरकारनं सांगू नये, यावर गावात कोणालाही विचारा, एकमत आहे. बोंडअळी आली की "सरकार झोपलं होतं का?" यावरही तितकंच एकमत आहे. मला यात दुटप्पीपणा दिसत नाही. फक्त कोणती गोष्ट धुऱ्याच्या, म्हणजे वावराच्या बांधाच्या, आत राहते आणि कोणती धुरा ओलांडते, हे आधी पाहायला पाहिजे. आपले नियम नेमके तिथंच उलटे बसलेत.

चोर बीटीच घ्या. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार व्हावं म्हणून जनुक बदललेली कपाशी, आणि चोर बीटी म्हणजे मंजुरी नसताना चोरून विकलं जाणारं तिचं बियाणं. पहिल्या बीटी कपाशीला 2002 मध्ये मंजुरी मिळाली, दुसऱ्या पिढीच्या बीजी-टूला 2006 मध्ये. तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या वाणाचा अर्ज कंपनीनं 2016 मध्ये मागं घेतला. बियाणं मात्र वावरात पोचलंच. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. तेव्हाच्या कायद्यात यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड होता.

लोक ते का घेतात, हे सोपं आहे. पावसाची झड लागली की काळ्या मातीत डवरा चालत नाही. उघडीप मिळाली की सगळ्या गावाला निंदणासाठी बाया एकाच आठवड्यात पाहिजे असतात. अशा वेळी ग्लायफोसेट या तणनाशकाचा पंप स्वस्त पडतो. पण कपाशीत तुरीचे तास असतील तर तूरही जाते, म्हणून चोर बीटीवाला बहुधा तूर सोडतो आणि घरची डाळ विकत आणतो. हा त्याचा हिशोब, त्याचा धोका.

खरं नुकसान पावतीचं होतं. मंजूर पाकीट घेतलं तर बिलावर लॉट नंबर असतो. बिल, टॅग, रिकामं पाकीट आणि मूठभर बियाणं जपून ठेवलं आणि उगवण कमी झाली, तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीला बोलावून पंचनामा करून घेता येतो. पुढं ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये स्पष्ट केलं. चोर बीटीत यातलं काहीच नाही. बंदीनं पेरा थांबला नाही, पावती तेवढी गेली. सरकीचं तेल आणि ढेप आपल्या आणि ढोरांच्या पोटात जाते, त्यामुळं तपासणी सरकारनंच करायला पाहिजे हे मला मान्य आहे. पण मग तपासून हो किंवा नाही म्हणावं.

फवारणीत दुसऱ्याचं अंग गुंतलेलं असतं. कोणतं औषध कशात मिसळायचं हे मालक ठरवतो, पंप मजुराच्या पाठीवर असतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं 20 हून अधिक माणसं गेली. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, डोक्याइतकी वाढलेली, म्हणजे फवारा थेट तोंडावर. घामानं भिजलेल्या कपड्यांतून औषध अंगात मुरतं. इथं "माझं वावर, माझी मर्जी" चालत नाही. लाल त्रिकोणाचं म्हणजे सगळ्यात विषारी औषध, दोन-तीन औषधांची खिचडी आणि उघडं अंग, हे सरकारनं रोखलंच पाहिजे. तणनाशकाचा पंपही वेगळा ठेवा. टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता खंगाळून कपाशीत नेला की पानं भेंडीसारखी होतात. वारा असला तर शेजाऱ्याच्या कपाशीचीही.

गुलाबी बोंडअळी तर धुरा मोजतच नाही. बीजी-टूला ती सरावली, म्हणजे त्याच्या विषानं मरेनाशी झाली. सुरुवातीला कंपन्या 120 ग्रॅम साध्या कपाशीची वेगळी पुडी द्यायच्या, म्हणजे त्यावर वाढलेले पतंग सरावलेल्या पतंगांशी जुळून सराव पातळ करतील. ती पुडी बहुतेकांनी पेरलीच नाही. आता 475 ग्रॅमच्या पाकिटात 25 ग्रॅम साधं बियाणं मिसळूनच येतं. शेतकऱ्याच्या हातची निवड काढून घेतली, आणि ते बरोबरच केलं. उशीर मात्र फार झाला.

फरदडीचं तसं झालं नाही. विहिरीचं पाणी असलेला माणूस डिसेंबरनंतरही पऱ्हाटी उभी ठेवतो, आणखी एक-दोन वेचे घेतो, हीच फरदड. अळीला तेवढंच पाहिजे असतं. ती बोंडात, सरकीत, आंगणात रचलेल्या पऱ्हाटीत सुप्त पडून राहते आणि पुढच्या हंगामात कोरडवाहूवाल्याच्या बोंडात उतरते. वेचा एकाचा, भुर्दंड शेजाऱ्याचा. यावर कृषी विभागाचं फक्त आवाहन असतं: फरदड घेऊ नका, 1 जूनआधी पेरू नका. कायद्याची भीती बियाण्याला आणि विनवणी अळीला! मला विचाराल तर फरदड मोडण्याची तारीख ग्रामसभेनं ठरवावी आणि ती पाळणाऱ्याला सरकारनं हरभऱ्याचं बियाणं द्यावं. नुसत्या सक्तीनं पाणीवाला ऐकणार नाही, कारण त्याचे पैसे खरे आहेत.

तोवर हातात आहे ते करा. पेरणीनंतर 45 दिवसांनी एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा आणि त्यातली वासाची गोळी, म्हणजे ल्यूर, तीन-चार आठवड्यांनी बदला. सलग 3 रात्री दर सापळ्यात रोज 8 पतंग आले, किंवा वेगवेगळ्या झाडांवरची 20 हिरवी बोंडं फोडल्यावर 2 मध्ये अळी निघाली, तरच फवारा. बोंड बाहेरून चांगलं दिसतं म्हणून सोडू नका. अळी आत शिरली की छिद्र बुजतं, फोडल्याशिवाय कळत नाही.