माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे

गेल्या आठवड्यात एका आजींनी मला टाइप करता करता थांबवलं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

आजी पंच्याहत्तरीच्या पुढच्या. मुंबईहून आलेला नातू कागदांची पिशवी धरून शेजारी उभा. आजेसासऱ्यांपासून चालत आलेल्या जमिनीला वारस नोंद करायची होती, त्यासाठीचं प्रतिज्ञापत्र. चिपळूणला तहसीलजवळ बसून मी बावीस वर्षं असली प्रतिज्ञापत्रं टाइप करतेय. मसुदा तयार असतो. नावं, वयं, गट नंबर तेवढे बदलायचे.

सही घेण्याआधी मी प्रत्येकाला कागद वाचून दाखवते, तशी आजींनाही वाचून दाखवत होते. ‘मयताला वर नमूद केलेल्या वारसांव्यतिरिक्त अन्य कोणीही वारस नाहीत,’ आणि मग शेवटची ओळ, ‘वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे.’

आजींनी माझ्या हातावर हात ठेवला. “थांब गो बाय. हे मी कसं सांगू? मी लग्न होऊन घरात आले तेव्हा सासरे पन्नाशीचे होते. त्याच्या आधीचं मी काय बघितलंय? सासूबाई सांगायच्या, खरंच असणार. पण ते त्यांचं. माझं नाही.”

“आजी, सगळे असंच लिहितात,” नातू म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. सगळे असंच लिहितात, आणि लिहून देणारी मीच असते.

ही ओळ आपल्याकडे आली इंग्रजीतून. ‘टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज अँड बिलीफ.’ टायपिंगची मराठी ३० आणि इंग्रजी ४०ची परीक्षा पास होऊन मी एका ज्येष्ठ वकिलांकडे कामाला लागले, तेव्हा हे वाक्य दिवसातून दहादा टाइप करायचे. मला वाटायचं, आपल्या शेतीवाडी, कागदपत्र यांसारखाच तो जोडशब्द आहे. नॉलेज म्हणा, बिलीफ म्हणा, एकच. पुष्कळ वर्षं मी तसंच समजून चालले होते.

पण ते दोन वेगळे कप्पे आहेत. नॉलेज म्हणजे जे मी पाहिलं, केलं, ज्याची मी स्वतः साक्षीदार आहे. बिलीफ म्हणजे जे कोणीतरी सांगितलं आणि मला खरं वाटलं. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ची. तिच्या आदेश ६, नियम १५मध्ये स्पष्ट लिहिलंय की सत्यापन करणाऱ्याने, म्हणजे मजकूर खरा आहे असं खाली लिहून सही करणाऱ्याने, परिच्छेदांचे नंबर देऊन सांगायचं, यातलं कुठलं मला स्वतःला ठाऊक आहे आणि कुठलं मिळालेल्या माहितीवरून मी खरं मानतो. आदेश १९, नियम ३ शपथपत्रांसाठी आणखी कडक आहे. स्वतः सिद्ध करता येईल तेवढंच लिहायचं. दावा चालू असताना मधेच केलेल्या, म्हणजे अंतरिम अर्जात समजुतीवरचं चालतं, पण तशी समजूत कशावरून झाली ते सांगावं लागतं.

याच नियमावरून सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली चक्क सरकारला सुनावलं होतं. खटला स्थानबद्धतेचा, मुंबई राज्य विरुद्ध पुरुषोत्तम जोग नाईक. निकाल लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी, जे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. शपथपत्र होतं सचिवांचं. त्यातल्या काही गोष्टी त्यांना स्वतःला ठाऊक होत्या, पण सत्यापनात सगळंच माहिती आणि समजुतीप्रमाणे खरं म्हणून टाकलेलं. न्यायालयाने म्हटलं, असलं ढिसाळ सत्यापन केलंत तर एखाद्या प्रकरणात शपथपत्रच फेटाळलं जाईल. आणि स्वतःला ठाऊक नसेल तर माहिती कुठून मिळाली ते स्पष्ट लिहा. त्याला सत्तर वर्षं उलटून गेली, तरी माझ्या टेबलावरून रोज तीच एक ओळ सगळ्यांच्या कागदावर जातेय.

खोटी साक्ष म्हणजे काय हे सांगणारं कलम मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा अंगावर काटा आला होता. भारतीय दंड संहिता, १८६०, कलम १९१. आता भारतीय न्याय संहितेत ते २२७ झालंय. त्यात उदाहरणं दिलीत. एक माणूस म्हणतो, ही सही अमक्याची आहे असं मला वाटतं. त्याला खरोखर तसं वाटतंय, पण सही निघाली दुसऱ्याची. तरी ती खोटी साक्ष नाही, कारण तो आपल्या समजुतीबद्दल बोलला आणि त्याबद्दल खरंच बोलला. दुसरा माणूस शपथेवर सांगतो, अमका त्या दिवशी त्या जागी होता हे मला ठाऊक आहे. प्रत्यक्षात त्याला काहीच ठाऊक नाही. मग तो अमका खरोखर तिथे असला तरीही ही खोटी साक्ष.

म्हणजे सांगितलेली गोष्ट खरी निघाली, तरी सांगणारा खोटा ठरू शकतो. खोटेपणा ‘मला ठाऊक आहे’ या शब्दांत असतो.

आपल्या मराठी ओळीत हा भेद पार पुसला गेलाय, असं माझं मत आहे. ‘माहिती’ हा शब्दच घ्या. इंग्रजीतलं नॉलेजही माहिती आणि इन्फर्मेशनही माहिती. रोजच्या बोलण्यात ‘माझ्या माहितीप्रमाणे तो पुण्याला असतो’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, हिला पक्कं सांगता येत नाहीये. इंग्रजीत जो कप्पा भक्कम, तोच मराठीत मवाळ झाला. त्याच्या शेजारी ‘समजुतीप्रमाणे’ येऊन बसलं आणि दोन्ही कप्प्यांत ऐकीवच उरलं. डोळ्यांनी पाहिलेल्याला त्या वाक्यात जागाच नाही.

खरं तर हा फरक करायला मराठीला कोणाकडून शब्द उसने घ्यायला नकोत. ‘तो आला’ वेगळं, ‘तो आला असावा’ वेगळं, आणि ‘तो आला म्हणे’ आणखी वेगळं. एका ‘म्हणे’ने बोलणारी बाजूला सरकते: हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं सांगतेय. गावातली अंगठा उठवणारी बाईसुद्धा बोलताना हा फरक चुकत नाही. तो चुकतो आम्हा कागद लिहिणाऱ्यांकडून.

माझ्याकडून एकदा चांगलाच चुकलाय. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका गृहस्थांना दाव्यासाठी शपथपत्र टाइप करून दिलं होतं, सगळ्या परिच्छेदांना मिळून ती एकच ओळ. उलटतपासणीत त्यांना विचारलं गेलं, तीन नंबरमधलं तुम्ही स्वतः पाहिलंत की ऐकलंत? ते म्हणाले, ऐकलं. मग खरं आहे असं शपथेवर का लिहिलंत? संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. “मॅडम, मी तर तुम्हाला सांगताना ‘वडील सांगायचे’ असंच म्हटलं होतं ना?” एवढंच म्हणाले. म्हटलं होतं. मला ते स्पष्ट आठवत होतं. त्यांनी नीट वेगळं करून सांगितलेलं मी एकात कालवलं, आणि भर कोर्टात मान खाली घालावी लागली त्यांना.

आजींचा हात हातावर होता तेव्हा मला ते गृहस्थ आठवले. मी फाइल पुन्हा उघडली.

“आजी, तुम्ही आल्यापासून घरात कोण कोण होतं ते सांगा.” त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. दीर दोन, नणंद एक, तिचं लग्न यांच्या देखत झालेलं. ते परिच्छेद १ ते ३. “आता सासूबाई काय सांगायच्या?” सासऱ्यांचं दुसरं लग्न नव्हतं, आधीची दोन मुलं तान्हेपणीच गेली, बाकी कोणी नाही. तो परिच्छेद ४.

मग शेवटची ओळ मोडून दोन ओळी केल्या. ‘परिच्छेद १ ते ३ मधील मजकूर मला स्वतःला प्रत्यक्ष माहीत असून तो खरा आहे. परिच्छेद ४ मधील मजकूर मला माझ्या सासूबाईंनी त्यांच्या हयातीत वेळोवेळी सांगितला असून तो मी खरा मानते.’

साक्षीच्या कायद्यात, १८७२च्या मूळ कायद्यापासून, वस्तुस्थिती कशाला म्हणायचं याचं एक उदाहरण आहे: माणसाने काहीतरी पाहिलं किंवा ऐकलं, ही वस्तुस्थितीच. सासरच्या मागच्या पिढीचं आजींना ठाऊक नव्हतं. पण सासूबाईंनी सांगितलं, ते यांनी आपल्या कानांनी ऐकलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुन्हा वाचून दाखवलं. आजींनी डोळे मिटून ऐकलं.

“सासूबाई एक्क्याण्णव साली गेल्या,” त्या म्हणाल्या. “ते पण घाल.”

‘सन १९९१ पूर्वी’ असं घातलं. नातवाने प्रिंट हातात धरून दोनदा वाचली. आजींनी पेन मागून घेतलं आणि एकेक अक्षर सुटं काढत सही केली.